दीड सेकंद

तो दोर मी नंतर बांधला.

हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, चौकशीत तर नाहीच. ज्याच्यापुढं सगळ्यांत आधी उच्चारायला हवं होतं, त्याच्यापुढंही नाही. कागदावर लिहिल्यावर ते किती छोटं दिसतं, याचं मला आत्ता नवल वाटतंय.

वाळूजच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागाचा सुपरवायझर आहे. सहा वर्षांपूर्वीही होतो. त्या वर्षी पावसाळ्याआधी शेडचे तडकलेले सिमेंटचे पत्रे बदलायचं काम निघालं होतं. उंचावरच्या कामाला परमिट लागतं. परमिट म्हणजे एक छापील कागद, त्यावर चौकटी. बेल्ट तपासला. छतावर आडवा दोर बांधलेला पाहिला. शिडी पक्की लावलेली पाहिली. खाली माझी सही. नियम असा की मी शिडी चढून, डोळ्यांनी पाहून सही करायची. पद्धत अशी की सकाळी शिफ्टच्या बसमधून उतरलं की कँटीनच्या टेबलावर दिवसभराचे परमिट येऊन पडायचे आणि चहा निवायच्या आत मी सगळ्या चौकटींत खुणा करून मोकळा व्हायचो.

सगळेच असं करायचे. पण माझं कारण वेगळं होतं. मला उंचीची भीती वाटते. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याजवळ उभा राहिलो तरी माझ्या तळपायांना घाम सुटतो. कारखान्यात मी गुडघा दुखतो असं सांगून ठेवलं होतं. "शिडी दिसली की साहेबांचा गुडघा बोलायला लागतो," असं पोरं माझ्या मागं म्हणायची. मला ऐकू यायचं. मी हसण्यावारी न्यायचो, कारण ते खरं होतं.

त्या सकाळी दोर बांधणारा माणूस उशिरा येणार होता. पत्रे बदलणारा ठेकेदाराचा फिटर मात्र वेळेवर आला. चिकलठाण्याच्या मागच्या वस्तीत राहणारा, तिशीतला, चपळ, बोलका गडी. वर गेल्यावर दोर नाही हे त्याला दिसलंच असणार. पण खाली माझी सही झालेली होती, आणि साहेबाची सही झालेलं काम थांबवायची हिंमत ठेकेदाराच्या माणसात नसते. बेल्टचा हुक अडकवायला काही नव्हतं. लोंबता हुक पायात येऊ नये म्हणून सगळे करतात तेच त्यानं केलं. हुक स्वतःच्याच बेल्टच्या कडीत अडकवला आणि पत्र्यावर पाय ठेवला.

पत्रा फुटला. पस्तीस फूट. खाली पुठ्ठ्यांचे गठ्ठे होते म्हणून तो जगला. कंबरेखालचं सगळं गेलं.

सगळे शेडच्या आत धावले. मी बाहेरून धावत आलो, आणि शिडीपाशी मला दोराचं वेटोळं पडलेलं दिसलं. तेवढ्यात मला कळलं की आपण काय करणार आहोत. आयुष्यात पहिल्यांदा मी ती शिडी चढलो. गुडघा बोलला नाही. तळपायांना घाम आला नाही. फुटक्या पत्र्याच्या भोकातून खालचा आरडाओरडा वर येत होता आणि मी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोर ताणून दोन्हीकडं पक्क्या गाठी मारत होतो. मग खाली उतरून गर्दीत शिरलो आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

चौकशीत फोटो निघाले. छतावर दोर आहे. हुक त्याच्या स्वतःच्या कडीत आहे. म्हणजे त्यानंच काढला. दोर बांधणाऱ्या माणसानं आपला उशीर झाकायला दोर सकाळीच बांधल्याचं सांगून टाकलं. डोक्याला मार लागल्यामुळं त्याला त्या सकाळचं काहीएक आठवत नव्हतं. माझं आडनाव, माझी नोकरीची वर्षं आणि माझी सही, यांवर कुणी शंका घेतली नाही. त्याच्या आडनावावर आणि त्याच्या घाईवर सगळ्यांनी घेतली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं मलाच विचारलं, "साहेब, मी खरंच हुक काढला व्हता का?"

मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

तेव्हापासून दर वर्षी मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाला कंपनी त्याला बोलावते. मैदानात मांडव असतो, शाल-श्रीफळ असतं. मी त्याची चाकाची खुर्ची चढणीवरून ढकलत मंचावर नेतो आणि माइक त्याच्या तोंडापाशी धरतो. तो पाच-सहाशे कामगारांसमोर सांगतो, "मी घाई केली. मी हुक काढला. माझ्यावाणी करू नका." टाळ्या वाजतात.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात त्याच्यानंतर एक पाहुणे बोलले. फौजेत पॅराशूटनं उड्या मारण्यात आयुष्य घालवलेला निवृत्त सुभेदार. मूळचे बीडकडचे, आता छावणीत घर करून राहिलेले. हिवाळ्याचे चार महिने उत्तरेतल्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांना विमानातून एकट्यानं उडी मारायला शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते मंचावर म्हणाले, "पडणं वाईट नाय. पडताना अंग वेडंवाकडं होणं वाईट." कामगार हसले. खुर्चीत बसलेला तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

मास्तरांना छावणीत सोडायचं काम माझ्याकडं होतं. गाडीत मी विचारलं, "पस्तीस फुटांवरून पडायला किती वेळ लागतो हो?"

"दीड सेकंद. कामून?"

"असंच. तेवढ्यात माणसाला काही कळत असेल का?"

"त्ये पडणाऱ्यालाच ठावं." ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमाला कळून घ्यायचंय व्हय? मग या की. शिकवतो."

मी गेलो. भीती मोडायची, म्हणजे यापुढं शिडी चढून मगच सही करीन, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की तो दीड सेकंद मला हवा होता. त्याला तो आठवत नव्हता, आणि मी तर तिथं नव्हतोच. म्हणजे तो दीड सेकंद जगात कुणाकडंच नव्हता.

छावणीतल्या त्यांच्या गच्चीवर सगळा पावसाळाभर रविवारी सकाळी मी एका बुटक्या बाकावर पालथा पडून असायचो. पोट आणि कंबर बाकावर, छाती, हात, पाय हवेत. मास्तर त्याला 'कमान' म्हणायचे. कंबर खाली दाबायची, मान वर, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना सैल, गुडघे किंचित वाकवलेले. "अंगातली सगळ्यात जड जागा कंबर. ती खाली गेली की बाकीचं आपसूक वर ऱ्हातं. शटलकॉक बघा. कसं बी फेका, बूच खालीच." शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई दर वेळी विचारायच्या, "आज किती वर गेले हे?" मास्तर म्हणायचे, "वैनी, आज दीड फूट."

तिथंच त्यांनी माझा दोष ओळखला. माझा डावा गुडघा नेहमी जास्त दुमडायचा. "हा पाय कुणापास्नं लपून बसलाय? असा ठेवला तर वर भोवऱ्यावाणी फिराल." दुसरा दोष श्वासाचा. मी श्वास धरून ठेवायचो. "सोडा की. लई धरून ठिवता तुम्ही," ते म्हणायचे. त्यांना श्वासच म्हणायचा असायचा.

घरी मी दिवाणावर कमान करायचो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, या वयात लोक डायबिटीस करून घेतात. तुम्ही हे काय काढलंय?" मी म्हणालो, उंचीची भीती घालवायचीय. ती म्हणाली, "सहा वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला काहीतरी हवंसं वाटलंय. जा." मी तिला काही सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये मी गेलो. मोहरीची शेतं, धुकं, आणि त्यातून निघालेली एक फाटकी धावपट्टी. विमान एवढंसं की आत सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून जमिनीवरच बसायचे. चढायच्या आधी मास्तर माझ्या अंगावरचा प्रत्येक पट्टा, प्रत्येक कडी हात लावून बघायचे. विमानात पुन्हा. दार उघडायच्या आधी तिसऱ्यांदा. "काल बघितला होता की," मी एकदा म्हणालो. "त्ये कालच्या पडण्यापुरतं. आज आजचं," ते म्हणाले. त्यांची बोटं माझ्या छातीवरची कडी चाचपायची तेव्हा मी दुसरीकडं बघायचो.

पहिल्या उडीला मला दोन्हीकडून दोघांनी धरलं होतं. बारा हजार फुटांवर दार उघडलं. आत जो आवाज आणि गार वारा घुसला त्यानं माझं डोकं कोरं केलं. मी उडी मारली असं ते म्हणतात. मला ती आठवत नाही. दार आठवतं, आणि मग डोक्यावर उघडलेलं निळं पॅराशूट. मधलं काहीच नाही. खाली आल्यावर मास्तर म्हणाले, "समद्यांचंच असं व्हतं. डोकं एवढं एकदम घेत नाय. भ्या कमी व्हत जाईल तसं दिसत जाईल."

म्हणजे त्यालाही दिसलं नसेल, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. हे लिहायला लाज वाटते, पण सहा वर्षांत असं जेवलो नव्हतो.

तिसऱ्या उडीला त्यांनी मला हवेत सोडलं. सोडल्याक्षणी डावा गुडघा दुमडला आणि मी गरगर फिरायला लागलो. क्षितिज, मोहरी, आभाळ, क्षितिज. मास्तरांनी सूर मारून माझा पट्टा धरला, समोर येऊन दोन बोटं पसरून खूण केली, पाय लांब करा. मला काही सुधरलं नाही. शेवटी त्यांनीच माझं पॅराशूट उघडलं. पुन्हा तीच उडी. पुन्हा तेच. खाली आल्यावर त्यांनी व्हिडिओ दाखवला. पडद्यावरचा माणूस जमिनीकडं बघत होता, गाल वाऱ्यानं फडफडत होते आणि तोंड घट्ट मिटलेलं.

"खाली बघताय," मास्तर म्हणाले. "जिथं बघाल तिकडं जाल. समोर बघा, जिथं आभाळ टेकतं तिथं."

"जमत नाही."

"जमत नाय का बघवत नाय?"

ते गवतावर माझ्याजवळ बसले. आवाज खाली आला. "साहेब, येक करा. आयुष्यात असा येखादा परसंग आठवा, जवा आजूबाजूला समदा गोंधळ व्हता आणि तुमचे हात जरा बी हालले नव्हते. प्रत्येकाकडं असतो येक. दारात बसला की त्यो आठवा. अंग आपसूक तसं व्हतं."

त्यांना काय ठाऊक.

मी दुसरा प्रसंग शोधला, खरंच शोधला. मुलीच्या जन्माची वाट बघतानाचे हात थरथरत होते. आईच्या तोंडात पाणी घालतानाचे थरथरत होते. सगळ्या आयुष्यात माझे हात एकदाच स्थिर होते. शेडच्या छतावर, दोराला गाठ मारताना.

पुढच्या उडीला दारात बसलो. पाय बाहेर, वारा पोटऱ्या ओढतोय. मी डोळे उघडे ठेवून ते छत आठवलं. पत्र्यांचा राखाडी रंग, खांबाचा गंज, दोराचा खरखरीतपणा, पहिली गाठ, दुसरी गाठ. श्वास आपोआप बाहेर गेला. मी सुटलो, कंबर खाली, नजर क्षितिजावर, आणि हवेनं मला तळहातावर धरावं तसं धरलं. डावा गुडघा जागेवर. मास्तर समोर तरंगत येऊन अंगठा दाखवत होते, हसत होते. मनगटावरचा उंचीचा काटा बघितला, सरावासाठी पॅराशूट उघडायच्या मुठीपर्यंत हात नेला, परत आणला. एकदाही डगमगलो नाही. पाच हजार फुटांवर स्वतःच्या हातानं पॅराशूट उघडलं.

स्थिर राहणं मला तिथून पुढं कधीच अवघड गेलं नाही.

शेवटच्या उडीला मी एकटा होतो. मास्तर विमानातच थांबले. दारातून सुटलो, आणि या वेळी भीती इतकी थोडी होती की सगळं दिसलं. अगदी पहिल्या क्षणापासून. विमानाचं पोट वर सरकलं. चाकावरचा चिखल दिसला. मला कळलं की आपल्याखाली काही नाही. हात काहीतरी धरायला आपोआप मिटले. मनात एक पूर्ण विचार आला, की आता धरायला काही नाही. मग बायकोचा चेहरा आला, आणि मुलीचा, आणि कुणाचा तरी आवाज. तेवढ्यात मी मनात मोजलेलं संपलं. दीड सेकंद.

तो मोठा असतो. त्यात माणूस मावतो, त्याचं घरही मावतं. माझं बाकीचं पडणं चाळीसेक सेकंद चाललं. त्याचं त्या दीड सेकंदाच्या टोकाला जमिनीशी संपलं होतं, आणि तोवर त्याला सगळं कळलेलं असणार. त्याची आठवण गेली म्हणून मी मानत होतो की तो क्षण झालाच नाही. झाला होता. तो चपळ होता, माझ्यासारखा भित्रा नव्हता. त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसलं असेल.

उतरलो तेव्हा मास्तरांचं विमान अजून वरच होतं. मोहरीत बसून राहिलो. ते आले, पाठ थोपटली, आणि माझी उड्यांची वही घेतली. प्रत्येक उडीची त्यात नोंद असते आणि खाली शिकवणाऱ्याची सही. सही करता करता थांबले. "उतरणं म्या विमानातनं बघितलं, पर कुणी जवळनं बघितलं का?" त्यांनी जमिनीवरच्या माणसाला हाक मारून सगळं विचारून घेतलं आणि मगच सही केली. "डोळ्यानं बघितल्याबिगर म्या सही करीत नाय. लोकं हसत्यात. हसू द्या."

मी वही घेतली. ती अजून उघडलेली नाही.

फेब्रुवारीत मी त्या फिटरच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो. चिकलठाण्याच्या त्या गल्लीवरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. दारात त्याची बायको भेटली. "जयभीम साहेब. या. आले बघा तुमचे दोस्त," ती आत बघून म्हणाली. तो पलंगावर बसून पंख्याच्या मोटरीत तांब्याची तार भरत होता. आता तो तेच काम करतो. त्याचे हात फार सुंदर चालतात.

"साहेब, तुमी इमानातून उडी मारली म्हणं! कंपनीतली पोरं सांगत व्हती. खरं का?"

"खरं."

"मंग आता गुडघा काय म्हन्तो?"

आम्ही दोघंही हसलो. त्याला सगळं ऐकायचं होतं. दार कसं उघडतं, वारा कसा लागतो, भीती वाटते का. मी सांगत गेलो. तार भरायची थांबवून तो ऐकत होता, एखादी गावाकडची बातमी ऐकावी तसा.

मग त्यानं विचारलं, "साहेब, म्या हुक कामून काढला असंल? लई इचार करतो. काय बी आठवत नाय. म्या असा नव्हतो हो."

"असेच होते," चहा आणता आणता बायको म्हणाली. "साखर इरघळायच्या आधी यांचा कप खाली. हुक काय ठिवतात!" ती रोजचं बोलावं तसं बोलली. सहा वर्षं ती त्याला हे बोलतेय, हे मला तेव्हा कळलं. तो ओशाळून हसला आणि मान खाली घातली.

मी कप खाली ठेवला. "तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सांगा की."

दार उघडं होतं आणि मी त्यात बसलो होतो. फक्त उठून सुटायचं होतं. मी श्वास सोडला, समोर बघितलं. वरून विमान गेलं. तो हातानं 'थांबा' अशी खूण करत हसत राहिला. आवाज विरल्यावर तोच बोलला, "साहेब, दवाखान्यात तुमी रोज आलात. समदे गेले, तुमी आलात. आमी घरात कायम बोलतो." त्याची बायकोही मान हलवत होती.

"पॅराशूट उघडल्यावर फार शांत असतं," मी म्हणालो. "तेच सांगायचं होतं."

चहा संपवून मी निघालो. गाडीच्या चाव्या काढताना हातांकडं बघितलं. हलत नव्हते.

मार्चमध्ये सप्ताह झाला. मी त्याची खुर्ची मंचावर नेली, ब्रेक लावला, माइक धरला. तो म्हणाला, "मी घाई केली. मी हुक काढला." या वर्षी त्यानं एक वाक्य वाढवलं, "माझी बायको म्हन्ती ते खरं हाय, मी घाईचाच माणूस." मांडवात हशा झाला. माइक त्याच्या तोंडापासून तसूभरही हलला नाही. मास्तर यंदा पहिल्या रांगेत बसले होते, आणि माझ्याकडं बघत त्यांनी अंगठा वर केला.

त्यानंतर मी प्रत्येक परमिटसाठी शिडी चढतो. कारखान्यात कौतुक होतं. त्यामुळं त्या फिटरचं काही परत येत नाही.

माझं त्याच्याकडं हे देणं राहिलं आहे: त्याच्यासमोर, त्याच्या बायकोच्या देखत, सांगायचं की त्यानं हुक काढला नव्हता, हुक लावायला दोरच नव्हता, दोर मी तो पडल्यावर बांधला. आणि मग तेच त्या मांडवात, त्याच लोकांसमोर, माइक माझ्या तोंडापाशी धरून सांगायचं. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.